सगळेच पालासिओस

त्या हंगामात क्रिसान्तोच्या पायावर दगड पडला आणि आमच्या जागेत खणायला माणूस उरला नाही.

दगड काही फार मोठा नव्हता. पण खणतीच्या काठावरून सुटला तो नेमका त्याच्या पावलावर आला, आणि पावलाखाली खडक होता. मी खाली परातीत सोन्याची माती घोळवत होते. ओरडणं ऐकू आलं तेव्हा वाटलं, विंचू चावला असेल. आमच्या नवऱ्याला ओरडायला तेवढंही पुरतं. वर जाऊन बघते तर तो चिखलात बसलेला, तोंड राखेसारखं झालेलं आणि पाऊल बघता बघता सुजत चाललेलं.

लिब्रादा मावशी काठी टेकत आली. क्रिसान्तोच्या आईची ही धाकटी बहीण, आणि आमच्या खणतीची कारभारीण. कुणी कुठे खणायचं, माती धुवायला वरच्या तळ्याचं पाणी कधी सोडायचं, भांडण झालं तर कुणी गप्प बसायचं, सगळं तिच्या शब्दावर चालायचं. तिने पावलाचं एकेक बोट दाबून बघितलं. क्रिसान्तो प्रत्येक बोटाला एका संताचं नाव घेत होता.

"मोडलंय," मावशी म्हणाली. "या हंगामात पहार विसर."

"मग जागा?" मी विचारलं.

उत्तर रुपेर्तोने दिलं. रुपेर्तो हा क्रिसान्तोचा लांबचा भाऊ आणि खणतीतला आमचा डाव्या हाताचा शेजारी.

"काळजी करू नका वहिनी," तो म्हणाला. "रिकामी राहिलीच तर आम्ही जरा सरकून घेऊ. घरातली गोष्ट घरातच राहील."

त्याचं ते 'जरा' मला चांगलं ठाऊक होतं. खणतीत जागेला कुंपण नसतं. ज्याची पहार जिथे पडते ती त्याची जागा. हंगामभर पडली नाही तर शेजारचा सरकतो, आणि एकदा सरकलेला माणूस मागे गेलेला मी तरी पाहिलेला नाही. याला अपवाद एकच होता, आमच्या उजव्या हाताची जागा. ती हुस्तोची. हुस्तो म्हणजे मावशीचा थोरला भाऊ. मावशीला पहिलं न्हाण यायच्या आधी तो होडीत बसून नदीखाली गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून दर हंगामात मावशी स्वतः कुदळ घेऊन त्या जागेत उतरायची आणि दोन टोपल्या माती का होईना, काढायची. त्यामुळे ती जागा कुणाला घेता येत नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी पहार उचलली. माझी मुलगी ओतिलिया दगड वाहू लागली. आम्ही बायका परात फिरवणाऱ्या. पहार मारायला वेगळीच हाडं लागतात. दुपारपर्यंत माझ्या तळहातांची सालटी निघाली. वरून पाऊस, खालून झिरपा, आणि शेजारून रुपेर्तोची बडबड. "हळू वहिनी, पहार आहे ती, उलथनं नव्हे!" सगळी रांग हसायची. मीही हसले, पण त्या रात्री भाकरीचं पीठ मळताना हात मिटेनात, तेव्हा क्रिसान्तोनेच पाय उशीवर ठेवून बसल्या बसल्या ते मक्याचं पीठ मळलं.

अशा दिवसांत एलादिओ आला.

सकाळी हातोहात दगड बाहेर काढायची साखळी चालू होती. काठावर एक पोरगा उभा राहिला, खांद्यावर पहार, हातात गुंडाळलेला झोळणा, अंगातला सदरा पाठीवर फाटलेला. पोरगा म्हणजे चांगला बाप्या, पण बुजल्यामुळे पोरगा दिसत होता.

"काम आहे का?" त्याने विचारलं.

"काम खूप आहे," रुपेर्तो म्हणाला. "पण घरच्यांसाठी. नाव काय?"

"एलादिओ पालासिओस."

खणतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हशा पिकला. त्याला बिचाऱ्याला कळेना काय चुकलं.

"मी क्रिसान्तो पालासिओसची बायको," मी त्याला म्हटलं. "माहेरचीही पालासिओसच. हा रुपेर्तो पालासिओस. ती वरची सगळी पालासिओस. तू नदीत गळ टाकलास तर मासासुद्धा हेच आडनाव सांगेल."

आडनावावरून आमच्या नदीवर काहीच कळत नाही. पालासिओस म्हणजे राजवाडे, आणि आमच्याकडे राजवाडा सोडा, गळत नाही असं छप्परही शोधावं लागतं. नाव आमचं नव्हेच. ते मालकाचं. जुन्या काळी या नदीवरची खाण त्याची आणि खाणीतली माणसंही त्याचीच. कासिल्दा नावाच्या बाईने सणासुदीच्या सुटीत स्वतःसाठी माती धुतली, चिमूट चिमूट सोनं साठवलं आणि स्वतःला सोडवलं, मग एकेक करून पोरांना सोडवलं. मोकळं झाल्याचा कागद करताना कारकुनाने विचारलं, कुणाची तू? ती म्हणाली, पालासिओसची होते, आता कुणाची नाही. 'कुणाची नाही' असं लिहायची सोय नव्हती, म्हणून त्याने पालासिओस लिहिलं. ही मावशीची गोष्ट. क्रिसान्तोची गोष्ट वेगळी आहे. तो म्हणतो, कासिल्दा आजीने नाव मुद्दाम उचललं. मालकाने आमचं सगळं नेलं, आम्ही त्याचं नाव घेऊन आलो. आता त्याच्या घराण्यात ते लावायला कुणी उरलं नाही आणि आम्ही मात्र नदी भरून टाकली, हे सांगताना त्याला फार गंमत वाटते. वर्षातून एकदा पाद्री येतो तो बाप्तिस्म्याच्या वेळी विचारतसुद्धा नाही, बापाचं पालासिओस, आईचं पालासिओस, लिहूनच टाकतो.

म्हणून आम्ही आडनाव विचारत नाही, खोड विचारतो. ही खणती कासिल्दाने उघडली. जो तिच्या खोडातून फुटला, मग आईकडून असो की बापाकडून, त्याला इथे पहार मारायचा हक्क. आणि एका खोडाची सगळी भावंडं. त्यांच्यात लग्न होत नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा सासू दिवसभर वल्हं मारून आमच्या गावी गेली होती, माझं खोड वेगळं आहे ना हे माझ्या आजीच्या तोंडून ऐकायला.

"कुणाच्या खोडाचा रे तू?" मावशीने वरून विचारलं.

"माझ्या आजोबांचं नाव हुस्तो," तो म्हणाला. "हुस्तो पालासिओस."

मावशीच्या हातातली कुदळ खाली पडली. ती काठी न घेता उतरली, खाच पाडलेल्या ओंडक्यावरून, घसरत. आम्ही कुणी धरायच्या आत ती त्याच्यासमोर उभी होती आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरून वर खाली बघत होती.

"हुस्तोचा? माझ्या हुस्तोचा नातू?"

तो नुसता उभा. मला वाटलं, गहिवरलाय.

"माझी आठवण काढायचा का रे तो? लिब्राची?"

सगळी रांग थांबली होती. दगड हातातले हातात राहिले.

"काढायचे," एलादिओ म्हणाला. "खूप काढायचे, आजी."

मावशी रडली. ती रडते हे मी पहिल्यांदाच बघत होते. मग नाक पुसून ती सगळ्यांवर ओरडली, "बघताय काय? माणूस आलाय हुस्तोच्या जागेला. सरका!"

रुपेर्तो तेवढा सरकला नाही, कारण तो आमच्या डावीकडे होता. पण त्याचं तोंड बघून मला बरं वाटलं.

एलादिओ मावशीकडेच राहिला. तिने त्याचा सदरा स्वतः धुतला, ठिगळ लावलं, माशाचं डोकं रोज त्याच्या ताटात वाढलं. त्यानेही कामात कसूर केली नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी खणतीत. अंगाने सडपातळ, पण पहार अशी टाकायचा की माती आपणहून सुटायची. हुस्तोच्या जागेतलं त्याचं काम दुपारपर्यंत उरकायचं आणि मग तो सहज आमच्या जागेत यायचा.

"काकू, तुम्ही वर बसा. मी आहे."

मी वर बसायचे. मला काय, हात बरे होत होते आणि रुपेर्तो जागेवरच होता. घरी गेल्यावर क्रिसान्तो विचारायचा, "आज किती खणलं?" मी सांगायचे. तो म्हणायचा, "माझ्यापेक्षा जास्त?" मी खरं ते सांगायचे नाही.

खणणारा एलादिओ बोरूच्या काडीसारखा हलका, पण परात त्याच्या हातात गेली की दगड. त्याला घोळवताच यायचं नाही. आम्ही काळ्या वाळूतून सोनं वेगळं करताना बाल्सो झाडाचा पाला कुस्करून फेस टाकतो, म्हणजे हलकं ते वर राहतं आणि जड ते तळाशी बसतं. तो फेस टाकायचा आणि फेसाबरोबर सोनंही नदीला द्यायचा. ओतिलिया हसून लोटपोट व्हायची.

"मनगट फिरव, कंबर फिरवू नको! आजोबांनी काही शिकवलं नाही का?"

"आजोबांना पण येत नव्हतं."

"कासिल्दाच्या खोडाचा आणि परात येत नव्हती?"

तो पुन्हा परातीवर वाकायचा. मग ती त्याच्या मागे उभी राहून त्याची मनगटं धरून फिरवायची. भावाला शिकवतेय म्हणून कुणी काही म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. आंधळी होते झालं.

डोळे उघडले ते माती धुवायच्या एका दिवशी. परात कधीच रिकामी झाली होती आणि ही दोघं तिच्यावर वाकून अजून हात फिरवत होती. मी ओतिलियाला घरी नेलं आणि चुलीसमोर बसवलं.

"तो तुझा भाऊ आहे."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणतेस आणि रिकामी परात धुतेस?"

"मी काय करू, आई? हुस्तो आजोबा नेमके आपल्याच खोडाचे निघाले, यात माझी काय चूक?" असं म्हणून ती रडायला लागली. तिला रडताना बघून मला तिच्यापेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण पोरगा मला मनापासून आवडला होता. नदीवरच्या इतक्या पालासिओसांमधून हिने नेमका तोच शोधला जो चालत नाही.

त्या दिवसापासून मी तिला परातीऐवजी दगडांच्या साखळीत उभं केलं, लांबच्या टोकाला. एलादिओला सांगितलं, आमच्या जागेत येऊ नकोस, माझे हात बरे झालेत. झाले नव्हते. मी पुन्हा पहार उचलली. रुपेर्तोने पुन्हा उलथन्याचा विषय काढला.

आठवडाभर एलादिओ मान खाली घालून खणत राहिला. मग एका संध्याकाळी तो आमच्या घराची शिडी चढून वर आला. क्रिसान्तो पाय कोमट पाण्यात घालून बसला होता. मी केळी सोलत होते. ओतिलिया पाण्याला गेली होती, आणि ते बघूनच तो आला होता.

"काकू, मी ओतिलियाचा भाऊ नाही."

"लांबचा का असेना, भाऊ तो भाऊच."

"तसा नाही. मी कुणीच नाही. तुमच्या खोडाचा नाहीच मी."

सुरी माझ्या हातात तशीच राहिली. त्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याचा आजोबा हुस्तो पालासिओसच, पण सिपिरा नदीवरचा. तिथेच जन्मला, तिथेच मेला. तिकडे मोठं यंत्र आलं, नदीचं पोट फाडून गेलं, खणती गेल्या, माणसं पांगली. हा काम शोधत इथवर आला. नाव विचारलं, त्याने खरं नाव सांगितलं. "मला काय माहीत, इथेही एक हुस्तो असेल? आजी रडायला लागली. मला वाटलं, आता सांगतो, मग सांगतो. मग तिने आठवणीचं विचारलं."

"आणि तू काढायचे म्हणालास."

"नाही कसं म्हणणार, काकू? तुम्ही तिचं तोंड बघितलंत ना?"

क्रिसान्तोने पाय पाण्यातून बाहेर काढला.

"म्हणजे तू आमचा कुणी लागत नाहीस?"

"नाही, काका."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मग उभा का? बस की! बेनिल्दा, वाढ याला."

मला हसू आवरेना. आयुष्यात कुणी आपला नातेवाईक नाही हे ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मी त्याला केळं वाढलं, मासा वाढला, गुळाचं पाणी दिलं. तो जेवायला बसला पण माशाचं डोकं नुसतं चिवडत राहिला. मग माझ्याही लक्षात आलं आणि हसू गेलं.

"मावशीचं काय?" मी म्हटलं.

क्रिसान्तोने सुचवलं की तिला सांगायचंच नाही, दोघांनी गपचूप दुसऱ्या नदीवर जावं आणि तिथे संसार करावा. मी म्हटलं, वा रे वा, आणि आमच्या जागेत काय मी म्हातारी होईपर्यंत पहार मारू? माझा स्वार्थ होता, खोटं कशाला बोलू? पण दुसरंही होतं. हुस्तो असाच न सांगता गेला होता. त्याच्या नावाने आलेला पोरगाही न सांगता गेला, तर मावशी त्याचीही वाट बघत बसली असती.

"तूच सांगायचं," मी एलादिओला म्हटलं. "माझ्या तोंडाने नाही. आणि चार भिंतींत नाही. तिने तुला खणतीत सगळ्यांसमोर जागा दिली, तिथेच परत कर."

"ती हाकलून देईल."

"हुस्तोच्या जागेतून देईल. आमच्या जागेत तू जावई म्हणून खणशील, ओतिलियाच्या हक्कावर. रांगेत शेवटी उभं राहायचं, पाणी शेवटी, वाटणी शेवटी, आणि सगळ्यांची थट्टा आधी. मी सून म्हणून आले तेव्हा तिथेच उभी होते. मेले नाही."

तो दुसऱ्या दिवशीच बोलला. सकाळचं काम सुरू व्हायच्या आधी, सगळे पहारी घेऊन उतरत असताना, तो मावशीसमोर उभा राहिला.

"आजी, तुमचा हुस्तो माझा आजोबा नाही."

मावशीला वाटलं तो थट्टा करतोय. "मग कोण? पोप?"

"माझा आजोबा पण हुस्तो पालासिओसच. पण दुसरा. सिपिरावरचा. तिकडेही सगळे पालासिओसच आहेत, आजी."

"तो माझी आठवण काढायचा म्हणालास."

"मी खोटं बोललो."

"लिब्रा म्हणायचा म्हणालास. रोज रात्री मला सांगत होतास, लिब्रा झाडावर कशी चढायची, लिब्राने होडी कशी उलटवली."

"ते तुम्हीच मला सांगितलं होतंत. मी दुसऱ्या दिवशी परत तुम्हाला सांगायचो."

रुपेर्तो म्हणाला, "अरे, हा तर चोर निघाला! हाकला याला."

"तू गप," मावशी म्हणाली. त्याच्याकडे न बघता. मग ती ओंडक्याच्या खाचांवरून वर चढली. आम्ही हात द्यायला गेलो तर तिने हात झटकले. दुपारी एलादिओ मावशीकडे परत गेला तेव्हा त्याचा झोळणा दारात होता, आणि वर त्याचा सदरा, धुतलेला, घडी घातलेला. दार लावलेलं होतं. तो झोळणा घेऊन आमच्या ओसरीवर आला. ओतिलियाने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि सगळ्या घरात ऐकू जाईल असं म्हणाली, "बरं झालं, परात येत नव्हती ते. मला आधीच कळायला हवं होतं."

पाद्री यायला अजून अवकाश होता, पण आमच्याकडे त्याच्यासाठी कुणी थांबत नाही. क्रिसान्तोने उसाच्या दारूची बाटली उघडली, शेजाऱ्यांना घोट घोट दिला, आणि एलादिओ आमचा जावई झाला. रांगेच्या शेवटी उभा राहिला. शेवटच्या माणसाला वरून येणारा सगळा गाळ पायावर घ्यावा लागतो. रुपेर्तो मुद्दाम गाळ लोटायचा आणि म्हणायचा, "कोण रे तू? नाव काय म्हणालास?" तो मुकाट्याने म्हणायचा, "पालासिओस." रोज हसायचे लोक. त्यालाही नंतर हसू यायला लागलं. मी रात्री त्याच्या पायाला तेल लावायला ओतिलियाला सांगितलं. आमची जागा त्या हंगामात कधी नव्हती इतकी खोल गेली.

फक्त मावशी खणतीत येत नव्हती. वरचं तळं तुडुंब भरलं होतं, धुवायची माती ढिगाने पडली होती, पण पाणी सोडायचा शब्द तिचा. रुपेर्तो म्हणाला, आपणच सोडू. कुणी जागचं हललं नाही. मग तो हुस्तोच्या जागेबद्दल बोलायला लागला, तीही आता रिकामीच आहे म्हणून. रात्रीच्या पावसाने तिच्यात गुडघाभर चिखल साठला होता.

मी मासे घेऊन मावशीकडे गेले. दार ढकलून आत गेले, कारण उघडायला ती आलीच नसती. ती चुलीपाशी बसली होती. विस्तव नव्हता.

"मावशी, सगळे वाट बघतायत."

"लोक म्हणत असतील, म्हातारी फसली."

"म्हणतात थोडे."

"फसले नाही ग, सूनबाई." तिने माझ्या हातातले मासे घेतले आणि खवले काढायला बसली. "त्याने आठवण काढायचे म्हटलं तेव्हा मला बरं वाटलं. आता खोटं कळलं, तरी ते बरं वाटलेलं जात नाही. अजून बरंच वाटतं. त्याचाच राग येतोय मला."

मी चूल पेटवली. तिने मासा तळला, आम्ही दोघींनी खाल्ला. डोकं तिने ताटाच्या कडेला काढून ठेवलं, मग तिचं तिलाच लक्षात आलं आणि तिने ते मला दिलं.

दोन दिवसांनी ती आली. सकाळी आम्ही रांगेत उभे होतो तेव्हा काठीचा आवाज आला. ती काठावर थांबली, खाली सगळ्यांवरून नजर फिरवली, तळ्याकडे बघितलं, आणि मग ओंडक्यावरून उतरली. या वेळी तिने क्रिसान्तोचा हात धरला; तोही त्या दिवशी पहिल्यांदाच लंगडत आला होता. ती थेट हुस्तोच्या जागेपाशी गेली. रुपेर्तो आमच्या पलीकडून मान लांब करून बघत होता. तिने काठीने चिखल ढवळला. मग कुदळ मागितली, आणि कुणीतरी दिली. तिने एकदा मारली, दुसऱ्यांदा मारली, पण कुदळ चिखलात रुतून बसली, तिला ओढून काढता येईना. आम्ही सगळे नुसते बघत उभे. मदत करायची कुणाची छाती होती!

"बेनिल्दाच्या जावया," ती म्हणाली.

एलादिओ रांगेच्या टोकावरून पुढे आला. पोटरीपर्यंत गाळ.

"ही जागा खण."

"माझी नाही ती, आजी."

"तुझी कोण म्हणतंय? हुस्तोची आहे. त्याचं कुणी येईपर्यंत खणायची. सोनं निघेल ते माझ्या घरी आणून द्यायचं."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

मावशीने कुदळीचा दांडा सोडला आणि चिखलाने माखलेला हात त्याच्या सदऱ्याला पुसला.

"इतकी वर्षं मी एकटीने वाट बघितली," ती म्हणाली. "आता एकटीने होत नाही. तूही बघ."